पुढच्या डिफरन्शियलची गळती

दिराने दोनदा तेल अडवणारं रबरी सील बदललं, तरी जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे पुढची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यातून, तेल गळतच होतं. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. नवरा गेल्यापासून "ही गाडी मला विकून टाका" म्हणून दीर मागे लागला होता. आपण कंटाळावं म्हणून हा मुद्दामच काम अर्धवट सोडत नसेल ना?

तिसऱ्यांदा तो गाडीखाली शिरला, तेव्हा टॉर्च घेऊन तीही शेजारी आडवी झाली. त्याने जुनं सील काढून नवं ठोकून बसवलं. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. काही खोट सापडेना, तसा तिचा संशय आणखीच वाढला.

"भावोजी, डब्यातून वर गेलेली ही नळी कसली?"

"आतली तापलेली हवा बाहेर जायची. वर बॉनेटखाली निघते."

ती उठली आणि बॉनेटखालचं नळीचं टोक तोंडात धरून फुंकू लागली. हवा जाईना. दिराने तारेने टोकरल्यावर वाळक्या मातीचा गोळा पडला. कुंभारमाशीने आत घर केलं होतं. कोंडलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर रेटत होती.

"हे मला आधीच सुचायला हवं होतं," दीर खजील होऊन म्हणाला.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय."

त्याने फडक्याला हात पुसले. "गाडी हवी होती हे खोटं नाही, वहिनी. दादाने मला हिच्यावरच चालवायला शिकवलं. पण अशी फसवून नको होती."

तिने आठवडाभर रोज वाकून गाडीखाली पाहिलं. फरशी कोरडी होती. रविवारी तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"दर रविवारी न्या. विकणार मात्र नाही."