अंदाजानं कापलेला कोट

शिंप्याच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट.

शिंपी अंगानं भरभक्कम. दुकानात शिरताना पोट आधी, शिंपी मागून. त्याची आई मात्र काडीसारखी. म्हणून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की हिनं आपल्या ताटातलंही याच्या तोंडात कोंबलं. शिंपीही गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी लोकांना शिवतो, मला आईनं शिवलं. जरा सैलच माप धरलं." लोक हसत. आईही हसे, पण मग भांडी घासताना ते बोलणं तिला टोचत राही.

तिला धाकटा मुलगाही होता. तान्हा असतानाच तिनं तो आपल्या निपुत्रिक बहिणीला दत्तक दिला होता. बहीण शिस्तीची. उकडलेल्या भाज्या, मोजका पाव आणि जेवण झालं की कपाटाला कुलूप. पुढे ती माणसं दूरदेशी गेली. फोनवर आवाज तेवढा यायचा. फोटो मागितला की धाकटा विषय बदलायचा. आता पुतणीच्या लग्नाला तो येणार होता.

शिंप्यानं त्याच्यासाठी कोट शिवायला घेतला. मापाशिवाय कापडाला कात्री न लावणारा माणूस, पण या खेपेला त्यानं अंदाजानंच कापला. "मावशीच्या हाताखाली वाढलाय, वेताची छडीच असणार."

आई बटणं लावत राहिली. कोट जितका अरुंद, तितका तिचा गुन्हा मोठा.

लग्नाच्या सकाळी दाराशी गाडी थांबली. आधी एक पाय बाहेर आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग अख्खा धाकटा उतरला आणि दारातून तिरका होऊन आत आला, थेट शिंप्यासारखा. आई चष्मा पुसून पुन्हा बघू लागली.

कोट त्याच्या कोपराशीच अडकला.

"दादा, हा कुणासाठी शिवलास?"

"मावशीच्या मुलासाठी."

"मम्मी कुलूप लावायची, मी किल्ली शोधायचो. लोक अजून तिला विचारतात, याला घालतेस तरी काय?"

नवरी मुलगी इस्पितळात भुकेवरच संशोधन करायची. ती भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांच्या सुटलेल्या पोटाकडे बघत म्हणाली, "आजी, खाणं दिसलं की डोक्यात घंटी वाजते. कुणाची हळू, कुणाची जोरात, आणि लवकर थांबतही नाही. सगळंच तिच्यावर नसतं, पण बरंच असतं. आणि ती आईबापाकडून येते. ही आजोबांची घंटी."

"म्हणजे मी भरवलं म्हणून नाही?"

"काकांना कुठे तू भरवलंस?"

आई हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत शिंप्याला म्हणाली, "यापुढे बोल लावायचा तर त्या फोटोला लाव. मी मोकळी."

"चुकलंच आई," शिंपी म्हणाला. "कात्रीही घसरली आणि जीभही."

त्यानं अंगातला नवा कोट काढून भावाला चढवला. सगळी बटणं लागली. स्वतः तो लेकीच्या लग्नात नुसत्या सदऱ्यावर, गळ्यात टेप तशीच लोंबकळत, मिरवत राहिला. दोघे भाऊ लग्नाच्या केकपाशी एकदमच पोचले आणि पहिला घास दोघांनीही डोळे मिटून खाल्ला. आईनं त्या दिवशी केक दोनदा मागून घेतला.

तो अरुंद कोट वाया गेला नाही. बाह्या दुमडून आईच तो वापरू लागली.

ती त्यानंतर चौथ्या वर्षी, थंडीत, पहाटे झोपेतच वारली.