न चाखलेली खेप

बाबा सोमवारी गेले आणि गुरुवारी सकाळी डोक्यावरून आंघोळ केल्यावर मी मोकळी झाले. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवसांचं. माझ्या धाकट्या भावाला, रविराजला, दहा दिवसांचं. तो ह्यूस्टनला. व्हिसाच्या कसल्याशा भानगडीत अडकला म्हणून येऊ शकला नाही. अग्नी परशूकाकांनी दिला. पण सुतक मात्र तो तिकडे कडक पाळत होता, दाढी न करता ऑफिसला जात होता म्हणे. शेवटचे काही महिने दर रविवारी बाबांना आंघोळ मी घालायचे. असो, शास्त्रापुढे कोणाचं चालतं?

मला रडू येत नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी चहाचे कप विसळत होते.

मालवणच्या बाजारात आमचं मसाल्याचं दुकान, मागे घर. मी राहते ओरोसला, नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दर रविवारी एसटीने येऊन मी दुकानाची वेबसाइट उभी केली होती. लोक त्यावर मसाला मागवायचे आणि चेक पाठवायचे. चेक वटून पार्सल पोचेपर्यंत मसाला मागवल्याचंच विसरून जायचे. मग बाबांनी साइटवर कार्डाने पैसे घ्यायचं मनावर घेतलं. त्यांचा सही करणारा हात थरथरायचा, म्हणून लायसन्स, बँकेचं खातं, अर्ज, सगळं त्यांनी माझ्या नावावर केलं. कागदावर मालकीण मी, पण आमच्या घरात कागदाला कोण विचारतो? कार्डवाल्या कंपनीने साइटवर माल परत घेण्याचे नियम टाकायला सांगितले, तेव्हा बाबा हसले होते. "उघडलेलो मसालो परत घेवचो? आणि तेचा काय करूचा, दिष्ट काढूची?"

त्याच कंपनीच्या मुलीचा गुरुवारी अकराच्या सुमारास फोन आला. "अभिनंदन मॅडम, तुमचं खातं सुरू झालंय. आता शनिवारपर्यंत खऱ्या कार्डावरून एक ऑर्डर घ्या आणि माल पोचवा, म्हणजे चाचणी पूर्ण. नाहीतर फाइल बंद होते, मग सगळं पहिल्यापासून करावं लागतं. विठोबा सरांना, तुमच्या वडिलांना, सांगाल ना?"

"सांगते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पहिल्यापासून करायला वेळ होता कोणाकडे? काकांनी तिसऱ्याच दिवशी विषय काढला होता. मोबाइलवाला गाळा भाड्याने मागत होता, बारावं झालं की देऊन टाकायचा. साइटवर कार्ड चालू झालं तर दुकान राहिलं असतं. फाइल बंद झाली तर गाळ्यात मोबाइल आले असते, आणि मी ओरोसच्या क्वार्टरमध्ये कुंड्यांना पाणी घालत बसले असते.

मी काकांना फोनचं सांगितलं. ते पडवीत बसले होते.

"सुतकातला दुकान कसा उघडतलंस?"

"माझा फिटला आज."

"तुझा फिटला, दुकानाचा नाय. दुकान ह्या घराचा. आणि तू गो खंयच्या घरची?"

मी रविराजला फोन लावला. त्याचा आवाज बसलेला होता. रडून बसला असावा, आणि मला त्याचा हेवा वाटला.

"ताई, दहा दिवस थांब ना गो."

"ते नाय थांबूचे."

"मग रवांदे. फुडे बघू."

आमच्या घरात 'फुडे बघू' म्हणजे नाही. आतेचं लग्न, बाबांचं ऑपरेशन, सगळं 'फुडे बघू'मध्ये गेलं.

आई आतल्या दारात बसली होती. सोमवारपासून ती बोलली नव्हती. भिंतीकडे बघत म्हणाली, "माळ्यावरची खेप कोणी चाखली?"

कोणीच नाही. बाबा जायच्या आधी पंधरवड्याने डंकावर कुटून आणलेला मसाला तसाच डब्यात होता. आमच्याकडे रीत अशी, की नवी खेप आधी घरात बांगड्याच्या तिखल्यात घालायची. बाबा जेवणार, मान हलवणार, मग तो मसाला फळीवर यायचा. एरवी गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी मिळायचा नाही. या खेपेला बाबांच्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नव्हती.

"न चाखलेलो मसालो ह्या घरातसून कधी भायर गेलो नाय," आई म्हणाली.

"वयनी, पण चाखतलो कोण?" काका म्हणाले. "घरात सुतक. मासो चुलीर चढूचो नाय."

"तिका नाय मां सुतक. तुमीच म्हणतास. मग ती चाखतली." आई आता काकांकडे वळली. "मी लगीन होवन इलंय त्या वर्षी मामांजींनी डबो हेंच्या हातात दिल्यानी आणि चाख म्हणान सांगितल्यानी. त्या दिसापासून दुकान हेंचा. तुमकाय चाखाक दिल्यानी, भावजी. तुमी दोन तांबे पाणी प्यालास."

काका उठले आणि चुना मागायला शेजारी गेले. मी आईकडे बघितलं, पण ती पुन्हा भिंतीकडे वळली होती.

मी माळ्यावर जाऊन कॉम्प्युटर लावला. दत्तारामना, माझ्या नवऱ्याला, ऑफिसात फोन केला. पगाराच्या खात्यावर बँकेने त्यांना गळ्यात मारलेलं कार्ड घरी माझ्या साड्यांच्या घडीत पडून असायचं. ते मधल्या सुट्टीत घरी गेले आणि त्यांनी एकेक आकडा कोर्टात साक्ष दिल्यासारखा वाचून दाखवला. मी टाइप केला. पाव किलो मसाला, पत्ता ओरोस. चक्र फिरलं आणि पडद्यावर आलं, पेमेंट यशस्वी. बाबा असते तर त्यांनी समोरच्या दुकानदाराला हाक मारून आणलं असतं. मला काहीच वाटलं नाही. पंखा कुरकुरत होता, त्याला तेल घालायला हवं, एवढंच डोक्यात आलं.

डबा मी उघडला, मसाला मी मोजला, पिशवी मी बंद केली. आई लांब उभी राहून बघत होती. शिवायचं नाही म्हणून तिने पिशवी हातात दिली नाही.

शुक्रवारी निघताना बंदरावर मथुराकडे बांगडे घ्यायला थांबले. ती कापता कापता थांबली.

"गो वर्षाली, बापाशीक जावन चार दिसय झाले नाय मां?"

"माझा फिटला."

तिने मासे कापून दिले. एरवी न मागता वर एक बांगडा घालते, तो घातला नाही.

ओरोसला घरी आले, माल पोचला. पिशवी फोडून तिखलं केलं. ओल्या नारळाचं वाटण, तिरफळं, बाबांचा मसाला. पान वाढलं. माझी मुलगी गौरजा पहिल्या घासाला म्हणाली, "आजोबांच्या घरचा लागता!" दत्ताराम माझ्याकडे बघत जेवत होते. त्या वेळी मालवणला आई बिनफोडणीचं काहीतरी पुढ्यात घेऊन बसली असणार.

मी घास घेतला. मसाला अचूक होता. आधी वास, मग जिभेच्या मागे सावकाश चढणारं तिखट, बाबांचं. मी खरकट्या हाताने उठून डाव्या हाताने फोन लावला.

"बरो झालो," मी म्हटलं.

"तिखट?"

"बेताचो."

"मग दी लोकांक," आई म्हणाली. आणि मग म्हणाली, "दुकान सांभाळ."

दुकान माझं झालं. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण मला दहा दिवसही हवे होते. दहा दिवस आईशेजारी बिनफोडणीचं जेवायचं होतं, कोणी शिवू नये असं कोपऱ्यात बसायचं होतं. ते कोणाकडे मागायचे, मला माहीत नव्हतं.

पानावर येऊन बसले. बापाला जाऊन पाचवा दिवस होता, आणि मी दुसऱ्यांदा भात घेतला.