राखणीची पाळी

वैऱ्यालाही यात्रेचं आवतण द्यावं, ही अक्कल आमच्या साताऱ्याकडच्या माणसालाच सुचते. तुर्भ्याच्या मार्केटमागच्या बैठ्या चाळीत राहणाऱ्या हौसेराव मुकादमानं नेमकं तेच केलं. "भैरोबाची यात्रा हाय. सोमवारी पालखी, मंगळवारी मटन. समद्यांनी यायचं," असं तो चाळभर सांगत सुटला आणि त्या भरात अंकुशलाही सांगून बसला. अंकुश बिल्डरचा माणूस, चाळीवर डोळा ठेवून असलेला. पण दारात आलेल्याला आवतण न देता पाठवायचं कसं?

चाळीत बारा खोल्या, बाराही जावळी खोऱ्यातल्या एकाच गावच्या. पुरुषांनी उभा जन्म मार्केटात गोण्या वाहिल्या. भिंतींना पोपडे, गटार उघडं, संडासाला दार नाही, आणि वर्षानुवर्षं इकडं कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. आता ही चाळ पाडून परवडणाऱ्या घरांची इमारत उठायची होती. पाहणीच्या वेळी ज्याचं दार उघडं आणि आत माणूस, त्याला नवं घर. दाराला कुलूप दिसलं की नाव कटाप. पाहणीला अजून पंधरा दिवस होते, म्हणून अकरा घरं निर्धास्त गावाला गेली.

रिवाजाप्रमाणे एक घर राखणीला मागं राहिलं. यंदा पाळी दुर्गाबाईची. साठीची, विधवा, पोटी मूल नाही. अकरा घरांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आणि स्वतःची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात.

रविवारी संध्याकाळी भिंतीवर कागद चिकटला. पाहणी उद्याच, सकाळी अकराला. तारीख कुणी अलीकडं ओढली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुर्गाबाईनं शेजारच्या दुकानदाराकडून कागद वाचून घेतला आणि गावी फोन लावला. "भावजी, पालखी ऱ्हाऊ द्या. गाड्या काढा."

सकाळी दहाला टेम्पो आला. अंकुश उतरला, त्याच्या हाताखालचे दोन पोरगे उतरले आणि मागून स्टो, गाद्या, हंडे घेऊन रिकाम्या खोल्यांत बसवायला कुठून कुठून गोळा केलेली बिऱ्हाडं उतरली. दुर्गाबाईनं आधी स्वतःच्या दाराला कुलूप घातलं, नाहीतर पहिली तीच खोली गेली असती. नवऱ्याचा गोणी ओढायचा लोखंडी आकडा पदराखाली घेतला आणि ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

"म्हातारे, चाव्या दे," अंकुश म्हणाला. "टेन्शन नको घेऊ. तुझी रूम तुला, बाकीचं आमी बघतो."

"राखनीच्या चाव्या हाईत त्या. ज्याच्या त्याला देनार."

त्यानं अशी थोबाडीत दिली की तिचा ओठ दातावर फाटला. त्याच्या एका पोरग्यानं हात पिरगाळला. तिनं जुडगा चोळीत कोंबला, तेव्हा अंकुशनं तिची बोटं शेजारच्या राजाबाईच्या दाराच्या कडीत घातली आणि कडी जोरात ओढली. दोन बोटं काडकन मोडली. ती किंचाळली, पण किल्ल्या दिल्या नाहीत. हट्टाचं सोडा, तिला भीती वाटत होती, आणि मार खाण्यापेक्षा उद्या राजाबाईला तोंड कसं दाखवायचं याची भीती मोठी होती.

अंकुश वैतागला. त्यानं पहार मागवली आणि राजाबाईचं कुलूप तोडलं. एक बाई स्टो घेऊन आत शिरली. दुर्गाबाईनं मोडक्या हातानं तिच्या झिंज्या धरून तिला बाहेर ओढलं, स्टो गटारात भिरकावला. ती बाईही गरीबच होती, घरासाठीच आली होती, पण त्या घटकेला दुर्गाबाईला दया आली नाही. मागून पहार तिच्या खांद्यावर बसली. ती गुडघ्यावर आली. अंकुशनं दुसऱ्यांदा पहार उगारली आणि तिनं आकडा काढून त्याच्या मांडीत रुतवला.

नुसता रुतवला नाही. गोणीला आकडा लागला की मागं झोका देऊन ओढायचं, हे तिनं तीस वर्षं नवऱ्याकडं पाहिलं होतं. तिनं तसंच ओढलं. मांडीचं मांस फाटत गुडघ्यापर्यंत आलं. अंकुश आडवा होऊन आईच्या नावानं ओरडू लागला. गल्लीत रक्ताचा ओघळ बघून त्याचे दोन्ही पोरगे पळाले आणि बिऱ्हाडं गाद्या उचलून टेम्पोकडं धावली. दुर्गाबाईला आणखी एकदा मारावंसं वाटत होतं, आणि त्या वाटण्याची तिला जराही लाज वाटली नाही.

दुकानदारानं पोलिसांना फोन केला होता. ते पावणेअकराला आले, अंकुशला दवाखान्यात धाडलं आणि आकडा जप्त करून दुर्गाबाईला गाडीत घातलं. तेवढ्यात रात्री गाड्या जमवून पहाटे निघालेल्या गावच्या जीपा गल्लीत शिरल्या. कपाळाला निघताना लावलेला गुलाल तसाच, हौसेराव धावत आला. तिनं गाडीच्या जाळीतून जुडगा त्याच्या हातावर टाकला.

"पळा भावजी, दारं उघडा. समदी आत बसा."

गाडी उड्डाणपुलावर चढली तेव्हा तिचा हात गळ्याकडं गेला. किल्ली दोऱ्यात तशीच होती. "गाडी फिरवा," ती हवालदाराला म्हणाली, मग ओरडली, मग जाळीवर डोकं आपटू लागली. गाडी फिरली नाही. चौकीत हवालदाराला कणव आली आणि त्यानं स्वतःच्या फोनवरून हौसेरावला लावून दिला.

"भावजी, माजं कुलूप फोडा. कुनीतरी आत बसा, माजं नाव सांगा."

पलीकडं हौसेराव कुजबुजत बोलला. "वैनी, पाहनीचं सायेब चौथ्या दारात हाईत. आता उंबरा सोडला तर आमचं दार जातंय. आन कुलूप फोडताना दिसलो तर आमालाच घुसलेले म्हनतील."

"एक मानूस, भावजी."

"बघतो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी जामीन झाला. बोटांना प्लॅस्टर, खांदा काळानिळा, अशी ती चालत चाळीत आली. अकरा दारांवर पांढऱ्या रंगात नंबर पडले होते. तिच्या दारावर लाल फुली होती आणि खाली शब्द होता, तो तिला वाचता येत नसला तरी कळला. राजाबाई प्रसादाचा नारळ घेऊन समोर आली आणि रडू लागली. बाकीचे आपापल्या दारात उभे होते, अजूनही उंबऱ्याच्या आतच.

हौसेराव पुढं आला. "फुडच्या यादीत घालत्यात म्हनं, वैनी. आमी समदी सह्या करतो."

दुर्गाबाईनं चांगल्या हातानं त्याच्या कानफटात मारली. ज्या मुकादमाच्या शब्दावर पन्नास माणसं गोण्या उचलत, त्याची टोपी मातीत पडली. त्यानं ती उचलली नाही. मान खाली घालून तो तसाच उभा राहिला.

"अजून मारा, वैनी," तो म्हणाला.

"मारून घर मिळत असतं तर थांबले नसते, भावजी," ती म्हणाली, गळ्यातली किल्ली काढली आणि आपल्या दाराचं कुलूप उघडून आत गेली.