एकशे अठरा अंडी

धाकट्याला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. भाचरांना बघायला थोरली आली, दोन दिवस राहिली आणि निघताना उंबऱ्यात थांबून बापाला म्हणाली, "तात्या, या ना एकदा माझ्याकडं. बेट तरी बघून जा."

तात्यांनी मान हलवली. हो की नाही, ते लेकीला कळलं नाही. पण आईला बरोबर कळलं. तिनं त्याच दिवशी प्रवासाची पिशवी झटकून उन्हात टाकली.

तात्यांचा धंदा कोंबडीची अंडी उबवून पिल्लं काढण्याचा. चाळीस वर्षं दुसरं काही केलं नाही. थोरलीला त्यांनी लहानपणापासून हाताशी धरून तयार केलं होतं, आणि शिकून झाल्यावर तिनं बेटावरच्या समुद्रकासवांची राखण पत्करली. "बापाचं काम घाण वाटलं होय? जा, कासवांनाच बाप म्हण," असं तात्या तेव्हा बोलून गेले. त्यानंतर सहा वर्षं बापलेकीचं बोलणं 'जेवलात का' याच्या पुढं गेलं नव्हतं. ते बोलणं मागं घ्यायचं, एवढ्यासाठी तात्या होडीत बसले. पण तोंडानं चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. हातानं काम करून दाखवणं तेवढं येत होतं.

होडीवाला बडबड्या होता. "आजोबा, पोहता येतं का?"

"कोंबडीला येतं तेवढं."

"मग घट्ट धरून बसा!"

थोरलीनं तीन दिवस त्यांना बेट दाखवलं. समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्यांचा जुना किल्ला, भिंतीवर कोरलेली गलबतं, नाक तुटलेली दगडी राणी. आई तिच्याकडं बघत म्हणाली, "नाक गेलं, पण तोरा गेला नाही बाईचा." किनाऱ्यावर पिठासारखी वाळू आणि त्यावर तिरके पळणारे खेकडे. एका माकडानं तात्यांची टोपी पळवली, तेव्हा थोरली पोट धरून हसली. ते हसू तात्यांनी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

सगळं पाहिलं, पण तात्यांचा जीव अडकला तिच्या खोलीशेजारच्या कोठीत. तिथं मोसमातलं कासवाचं शेवटचं घरटं होतं. भरती किनारा खात होती, म्हणून थोरलीनं एकशे अठरा अंडी अलगद उचलून वाळूच्या पेट्यांत ठेवली होती. गोल, पांढरी, कातड्यासारखी मऊ. आठ दिवस झाले होते.

"उबायला किती दिवस?" तात्यांनी विचारलं.

"साठेक."

"आमची कोंबडी एकविसात मोकळी होते," तात्या म्हणाले आणि दोघंही हसले.

चौथ्या दिवशी निरोप आला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला एक कासव जाळ्यात गुरफटलंय. थोरलीला दोन दिवस जाणं भाग होतं. तिनं कोठीची किल्ली तात्यांच्या हातात दिली. "वाळू सुकू देऊ नका, एवढंच." एरवी येणाऱ्या प्रत्येक मदतनिसाला ती काय करायचं नाही ते दहा वेळा बजावायची. बापाला तिनं काही बजावलं नाही. अंड्यांबद्दल तात्यांना काय सांगायचं? माशाला का पोहायला शिकवतात?

तात्यांना उबवणीचा पहिला धडा पाठ होता. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि मरतो. कोंबडी म्हणूनच चोचीनं अंडी फिरवत राहते. तात्यांनी पेन्सिल घेतली. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, दिवेलागणीला पुन्हा फुली. दर वेळी वाळू हातानं बाजूला करायची, पुन्हा लोटायची. गुडघे सुजले.

"अहो, स्वतःच्या पोरांची कूस कधी बदलली नाहीत एवढी," आई म्हणाली.

"तेव्हा तू होतीस. आता लेकीनं माझ्यावर सोपवलंय."

तिसऱ्या दिवशी थोरली परतली. तात्यांनी तिला हाताला धरून कोठीत नेलं. तिनं वाळू बाजूला केली, फुली दिसली, आणि तिचा हात तिथंच थांबला.

"फिरवलीत, तात्या?"

"दिवसातून तीनदा. एकही चुकवलं नाही. थोरले, मी तेव्हा जे बोललो ना..." तात्यांनी पेटीकडं बोट दाखवलं. "त्याचं हे समज."

थोरलीनं दोन्ही हातांनी वाळू परत सारखी केली. बराच वेळ करत राहिली. मग वळून म्हणाली, "छान केलंत, तात्या. माझ्यानं झालं नसतं एवढं." संध्याकाळी तिनं त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळलं. सहा वर्षांनी बापलेक पोटभर बोलले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या होडीत तात्यांची छाती दोन बोटं फुगलेली. होडीवाल्याला त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. त्यानं वल्हं थांबवलं.

"फिरवली? अहो आजोबा, कासवाचं अंडं फिरवायचं नसतं. जीव वरच्या अंगाला चिकटून वाढतो. उलटं केलं की संपला. आमचं शेंबडं पोरही जाणतं." मग तात्यांचा चेहरा बघून तो चाचरला. "तुमच्या हातची असतील, तर... देव जाणे."

"होडी मागं घे," तात्या म्हणाले.

आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "जाऊन काय सांगाल? तिला ठाऊक आहे. वाळू सारखी करत होती, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी बिनसलंय. तुमच्यासाठी गिळलंय तिनं. ते आता तिच्या तोंडून वदवणार आहात का?"

तात्यांनी होडी पुढं जाऊ दिली. किनारा येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर तात्या उबवणीच्या खोलीत गेले नाहीत. धाकट्यानं विचारलं तर म्हणाले, "आता तू बघ. माझा हात धजत नाही." दोन महिन्यांनी थोरलीचा फोन आला.

"तात्या, निघाली हो पिल्लं! शहाऐंशी. सरळ पाण्याकडं पळाली."

तात्यांनी डोळे मिटले. "शहाऐंशी? शाब्बास गं पोरी."

"मी कुठं? तुम्हीच केलंत."

"पुढच्या मोसमात येईन म्हणतो. तुझ्याशी जरा बोलायचंय. समोरासमोर."

"या ना. नक्की या."

फोन ठेवून ते परसात गेले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले. आईनं बघितलं, पण हाक मारली नाही.

कासवांचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. तात्या त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, सकाळी सात वाजता, राहत्या घरी वारले. वय बहात्तर होतं.