वरच्या खोलीतला आवाज

“क्रेन मागवा गं, क्रेन! त्याशिवाय हा पाय काही उचलायचा नाही,” ताई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या.

व्यायाम करून घ्यायला घरी येणारी फिजिओथेरपिस्ट हसली नाही. “ताई, तुम्ही विनोद केलात की पाय थांबतो. तीन महिने बघतेय मी. नवा गुडघा छान वाकतोय. मग घोडं अडलंय कुठे?”

घोडं अडलं होतं चौदा पायऱ्यांवर. ताई बसस्थानकात गाड्यांच्या घोषणा करायच्या. त्यांची खोली वर, आणि जिना भर फलाटावर, चारी बाजूंनी उघडा. आवाज असा की वर कुणी शेलाटी पोरगी बसली असेल असं वाटावं. ताई मात्र चांगल्या ऐसपैस. म्हणून वीस वर्षं त्या पहिल्या गाडीच्या आधी, ड्रायव्हर मंडळींना स्वतःच्या वजनावरचा एखादा विनोद ऐकवत चढत आणि गर्दी ओसरल्यावरच उतरत. जेवणाचा डबासुद्धा वरच. एकदा जिन्यापाशी एका प्रवाशाने विचारलं होतं, “कोण हो त्या, इतकं गोड बोलतात?” तर ताईंनी हळूच सांगितलं, “आहे एक पोरगी.” स्वतःचा आवाज बाईंनी दुसरीला देऊन टाकला! ते मनाला अजून खात होतं.

“दुखणं गेलं गं,” ताई म्हणाल्या, “पण वजन तसंच आहे. लोक म्हणतील, गुडघा नवा बसवला तरी ही आपली तशीच.” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणू देत की. सोमवारी जायचं. आणि अकरा वाजता, भर गर्दीत!”

सोमवारी ड्रायव्हर मंडळी चहाचे पेले घेऊन उभी होती, ताईंच्या ठरलेल्या विनोदाची वाट बघत. ताई सरळ कठडा धरून चढू लागल्या. सातव्या पायरीवर धाप लागली. विनोद अगदी जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला आणि वळून खाली पाहिलं. कुणी पिशव्या मोजत होतं, कुणी जांभई देत होतं. जो तो आपापल्या गाडीच्या काळजीत. ताईंना हसूच फुटलं. एवढ्यासाठी आपण वीस वर्षं डबा वर खाल्ला!

त्यांची पहिली घोषणा झाली आणि ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून फलाट डोक्यावर घेतला.

दुपारी एक वाजता ताई डबा घेऊन खाली उतरल्या आणि अगदी मधल्या बाकावर बसल्या. शेजारच्या आजोबांनी पिशवी सरकवून जागा केली. “आज तो आवाज परत आला बघा. मधे कुणीतरी नुसतं खेकसत होतं, मी दोनदा भलत्याच गाडीत बसलो. कोण हो ती पोरगी?”

ताईंनी डब्याचं झाकण काढलं.

“पोरगी कुठली, आजोबा? मीच ती.”

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ताईंनी निवांत बघू दिलं आणि डबा त्यांच्यापुढे केला.