तिसरा थर

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं," चौकशीच्या टेबलापाशी उभा राहून भाचा म्हणाला. मी समोरच बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सव्वीस वर्षं मी या कारखान्यात टाक्यांवर आहे. आम्लाच्या पाण्यातले लँथनाइड धातू रॉकेलमध्ये ओढून घ्यायचे, हे आमचं काम. रॉकेलमध्ये एक रसायन घातलेलं असतं, त्याचे रेणू धातूला धरून आणतात. पण धातू जास्त झाला, त्यात गारठा पडला, की हेच रेणू एकमेकांना चिकटून घोळके करतात आणि रॉकेलमध्ये मावेनासे होतात. मग वर रॉकेल, खाली पाणी आणि मध्ये मधासारखा दाट तिसरा थर. तो बसला की टाकी तुंबलीच. टॉर्च लावून काचेतून बघत बघत मी हे शिकले, आणि बहिणीच्या या मुलाला इथे चिकटवल्यावर त्यालाही शिकवलं. आता तो पाळीप्रमुख आहे आणि मी त्याच्या हाताखाली.

त्या दिवशी सकाळी काचेत धूसर पट्टा दिसला. मी त्याला जाऊन सांगितलं, धातूचं पाणी कमी कर, टाकीला ऊब दे. तो हसला. मावशी, तुला जिथे तिथे थरच दिसतात, म्हणाला. आज माल पुरा करायचाय. मग मी नेहमीप्रमाणे टाकीजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'पट्टा दिसतो, पाणी कमी करा', आणि वेळ टाकली. दुपारी टाकी तुंबली. धावत गेले तर फळा स्वच्छ.

"मी फळ्यावर लिहिलं होतं," त्याच दुपारी चौकशीला बसलेल्या साहेबांना मी म्हटलं.

फळ्यावर तर काहीच नाही, साहेब म्हणाले. भाच्याची उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली होती. तिकडे बोट दाखवायला मी हात उचलला. तो मान खाली घालून उभा होता, लहानपणी काही फोडलं की उभा राहायचा तसा. माझा हात खाली आला. त्या हाताचा मला अजून राग येतो.

ठपका माझ्यावर आला, मला नमुन्याच्या बाटल्या धुवायला पाठवलं. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "लेकराला सांभाळून घेतलंस गं," ती म्हणाली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी तो धुण्याच्या खोलीत आला. हातात नमुन्याची बाटली.

"मावशी, जरा बघ ना. मला नक्की कळत नाहीये."

मी बाटली उजेडाला धरली. केसाएवढा पट्टा होता.

"आहे," मी म्हटलं. एप्रनच्या खिशातला खडू काढून त्याच्या हातावर ठेवला. "फळ्यावर लिही. मावशीने सांगितलं, असं लिही."

तो खडू ओल्या ओट्यावर ठेवून, बाटली न घेताच निघून गेला.

मी खडू फडक्याने पुसला, खिशात टाकला आणि टाकीकडे निघाले. टाकीने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं.