आठव्या दिवसाची थुंकी

सकाळी सहा वाजता, दंव गोठलेल्या कुरणात, तोमासाची लोकरीसाठी पाळलेली पांढरी अल्पाका समोर आणलेल्या नराच्या तोंडावर थुंकली. चाल्लापाम्पा गावच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

या पठारावर यापेक्षा मोठी ग्वाही नाही. रिकामी मादी नरापुढे पाय दुमडून बसते. गाभण असेल तर थुंकून त्याला हाकलते. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या हेच पाहून सांगतात. आणि गावच्या या माद्यांजवळ आठ दिवसांत नर फिरकलाच नव्हता. कुंपणात गेले होते ते फक्त बाहेरून आलेले बाबा, डोन गौदेन्सिओ, हातात कोरीव दगडी अल्पाका घेऊन.

“बघितलंत?” डोन गौदेन्सिओंनी दगड उंचावला. “तुम्ही घरोघरी पुजता त्या छोट्या दगडी अल्पाका, ती याची लेकरं. हा बाप! पण बापाला वाटेकरी चालत नाही. कुरणात नर राहिला की हा रुसतो, अन् गर्भ गळतो. म्हणून नर माझ्याबरोबर द्या. पर्वतदेवाच्या पायाशी सोडून येतो.”

पर्वतदेवाच्या पायाशी जायला ट्रक तयारच होता.

तोमासाची धाकटी बहीण एलादिया गर्दीच्या कडेला उभी होती. अल्पाकांच्या प्रजननावर तिची वीस वर्षं गेली होती. उत्तम नराचं वीर्य दूरदूरच्या माद्यांपर्यंत पोचवायचं, हा तिचा विषय. पण ते वीर्य गोंदासारखं चिकट. हाताळता हाताळता निम्मं मरायचं. गावाला दाखवण्याजोगं यश आलं नाही आणि गेल्या महिन्यात संशोधन केंद्राने काम बंद केलं. तेव्हापासून तिला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं.

“काय डॉक्टरीणबाई,” शेजारचा लिबोरिओ म्हणाला, “वीस वर्षं नळ्या धुतल्यास. बाबांनी आठवड्यात करून दाखवलं!”

लोक हसले. एलादियाने पांढऱ्या मादीच्या मांडीवरची लोकर दोन बोटांनी फाकवली. कातडीवर सुईच्या टोकाएवढी खपली होती. अशी सुई तिने स्वतः असंख्य वेळा टोचली होती.

“हे काय आहे, डोन गौदेन्सिओ?”

“दगडाचा दात लागला!” पुन्हा हशा. मग आवाज खाली आला. “पण सांभाळा हो. शंका घेतली तरी गर्भ गळतो. ही बाई तुमची पिल्लं खायला आलीय.”

एलादिया बहिणीकडे वळली. “ताई, नर देऊ नकोस. एक आठवडा थांब. ही गाभण नाही.”

“थुंकली ना?” तोमासा भडकली. “थुंकी तू मला शिकवणार? या थुंकीच्या भरवशावर कळप वाढवला मी, म्हणून तू शाळेत गेलीस!”

“थुंकी खरी आहे. गाभ खोटा आहे.”

लोक नर ट्रकवर चढवत होते. तोमासाच्या हातात आपल्या नराचा दोर तसाच होता. शेवटी तिने तो कुंपणाच्या दगडाला बांधला.

“विश्वास नाही तुझ्यावर,” ती म्हणाली. “पण तू कधी काही मागितलं नाहीस. घे आठवडा.”

ट्रक गेला.

आठवड्याने तोमासाचा नर कुंपणात सोडला. पांढऱ्या मादीने त्याला हुंगलं आणि ती पाय दुमडून बसली. मग करडी बसली. मग लिबोरिओची तपकिरी. या वेळी टाळ्या नव्हत्या.

“अल्पाकाचं अंडं आपोआप सुटत नाही,” एलादियाने सांगितलं. आवाजात चढ-उतार नव्हता. “नराच्या संगाने सुटतं, किंवा बाबाने टोचलं तसल्या इंजेक्शनने. सुटलं की त्या जागी गाठ धरते. गाठीमुळे मादीला वाटतं, आपण गाभण आहोत. म्हणून ती थुंकते. वीर्य नसेल तर गर्भ नाही, अन् दहा-बारा दिवसांत गाठ विरते. बाबाला ते ठाऊक होतं. म्हणून परीक्षा आठव्या दिवशी, अन् ट्रकही आठव्याच दिवशी.”

“तू शंका घेतलीस म्हणून गळले!” लिबोरिओ ओरडला.

“माझ्या शंकेने गळतील असे गर्भ नव्हतेच, लिबोरिओ. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर दोनदा तपासा. अन् जो दुसऱ्यांदा तपासू देत नाही, त्याच्या हाती दोर देऊ नका. एवढंच.”

लिबोरिओ थुंकला आणि निघून गेला. दोन घरची माणसं त्याच्यामागून गेली.

मग तोमासाने विचारलं, “आता? पावसाळा संपत आला. गाभ साडेअकरा महिन्यांचा; अजून उशीर झाला तर पिल्लू थंडीत जन्मेल अन् जगणार नाही. अख्ख्या गावात नर एक.”

एलादियाने गाडीतून सामानाची पेटी आणली. एका नराचं वीर्य पातळ करून अनेक माद्यांना द्यायचं. वीस वर्षं जे नीट जमलं नव्हतं, तेच. “पिल्लं होतीलच असं सांगत नाही,” ती म्हणाली.

“बाबा सांगत होता,” तोमासा म्हणाली आणि मादीची मान धरून उभी राहिली.

ट्रकचा पत्ता पोलिसांना अजून लागलेला नाही. नऊ माद्यांना इंजेक्शन टोचून वीर्य दिलं आहे. आज, आठव्या दिवशी, त्यांतल्या सहा नरावर थुंकल्या. दुसरी तपासणी आठवड्याने, येत्या गुरुवारी आहे.